आईच्या दाढेचं रूट कॅनाल भांडुपच्या आसपास परवडेल असं कुठे होईल?

सुजाता_भांडुप
नमस्कार. आई ५६ वर्षांची आहे, मुलुंडला तीन घरी स्वयंपाकाची कामं करते. खालची डावी दाढ किडली आहे. रात्री आडवी झाली की ठणका सुरू होतो, मग उठून बसते आणि लवंग दाबून धरते. सकाळी विचारलं तर म्हणते, "बरंय आता." पण घास सगळा उजवीकडे फिरवते आणि भाकरी आमटीत कुस्करून खाते. एरवी तिला कडक भाकरीच लागायची.

टेंभीपाड्यापासून स्टेशनपर्यंत दातांच्या दवाखान्यांच्या पाट्याच पाट्या आहेत. दोन ठिकाणी दाखवलं. एकीकडे रूट कॅनाल आणि कॅप मिळून ९,००० सांगितले, दुसरीकडे ११,०००. दोन्ही डॉक्टर नीट बोलले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आईची महिन्याची कमाई साधारण तेवढीच आहे. ती म्हणते, काढूनच टाकू, पाचशेत भागेल. उजवीकडची वरची एक दाढ आधीच अशी काढलेली आहे. आता डावीकडचीही गेली तर ती चावणार कशाने?

माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आईचं नाव आहे, पण दातांचा खर्च त्यात बसत नाही म्हणाले. सरकारी ठिकाणी रूट कॅनाल होतं का? तिथे शिकाऊ डॉक्टर करतात म्हणून आई घाबरते. आणि खाडे किती पडतील? खाड्याचे पैसे कापतात.

लालबागचा_विनायक
होतं की! मुंबई सेंट्रलला नायर डेंटल आहे, महापालिकेचं. १९३३ पासून आहे ते. माझ्या वडिलांची कवळी तिथेच झाली, अजून घट्ट बसते. पैसे बाहेरच्या मानाने अगदी किरकोळ. वेळ मात्र जातो. सोमवारी जाऊ नका, रविवारचा सगळा ठणका त्या दिवशी रांगेत उभा असतो.

दंतवैद्य_कळवा
सुजाताताई, मी माझी इंटर्नशिप सरकारी डेंटल कॉलेजमध्ये केली, आता कळव्याला माझा छोटा दवाखाना आहे. भांडुपहून तुम्हाला नायरपेक्षा शासकीय दंत महाविद्यालय सोयीचं पडेल. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आहे. सीएसएमटीला उतरलात की चालत जाता येतं, गाडी बदलावी लागत नाही.

आधी केसपेपर, मग तपासणीचा विभाग. तिथे आरशाच्या दांड्याने दाढेवर हलकेच टकटक करतील. त्या टकटकीला कळ आली तर संसर्ग मुळाच्या टोकापाशी पोचल्याची शंका घेतात. मग एक्स-रे. दाढ वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनालच्या विभागात पाठवतील. तिथे पुढची तारीख मिळते, आणि हीच खरी अडचण आहे. एका बैठकीत क्वचितच संपतं. कॅपसाठी पुन्हा वेगळा विभाग.

शिकाऊ डॉक्टरांबद्दल आईंना माझ्याकडून सांगा. मागे सर किंवा मॅडम उभ्या असतात. प्रत्येक टप्पा त्यांना दाखवून सही घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दाढेच्या मुळात फाइल (बारीक सुईसारखं हत्यार) घालून एक्स-रे काढायचा, मुळाची लांबी अर्धा-एक मिलिमीटर चुकली तरी पुन्हा. खासगी दवाखान्यात दुसरा पेशंट खोळंबलेला असतो, कॉलेजात तशी घाई नसते.

तुम्ही पाट्यांचं लिहिलंत, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. देशात ३०० च्या वर डेंटल कॉलेजं आहेत, बहुतेक खासगी. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, लाखांनी फी. मग खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह आणि मुंबईतलं गाळ्याचं भाडं. हप्ते फेडायचे म्हणून जो तो जिथे पैसे देणारा पेशंट मिळेल तिथेच बसतो, मीही त्यातलाच. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचं पदच नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण साधी दाढ भरणं किंवा रूट कॅनाल तिच्यात बसत नाही. सहाशे-आठशे रुपयांत भरता आली असती ती दाढ, पैसे नाहीत म्हणून राहते आणि वर्षभराने नऊ हजारांची होते. हे मी रोज खुर्चीवर बघतो आणि मला त्याचा राग येतो. डॉक्टर कमी नाहीत, त्यांना जिथे गरज आहे तिथे पगार देऊन बसवणारं कोणी नाही.

आणि एक विचारतो, राग मानू नका. आई मिश्री लावतात का?

खारघर_प्रिया
नेरूळ, खारघर, कामोठे इथल्या खासगी डेंटल कॉलेजांतही दर बरेच कमी असतात. विद्यार्थ्यांना ठरावीक केसेस पूर्ण कराव्या लागतात, त्यामुळे तारीख लवकर मिळते. माझं तसंच झालं. भांडुपहून ठाण्याला बदलून ट्रान्सहार्बरने नेरूळ गाठता येतं.

सुजाता_भांडुप
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, हो, आई मिश्री लावते, लग्नाआधीपासून. शुगरची गोळीही चालू आहे. दोन्ही दवाखान्यांत मिश्रीचं कोणी विचारलं नाही. सकाळचं पहिलं घर साडेअकराला सुटतं, तर दुपारी गेलं तर चालेल का?

दंतवैद्य_कळवा
नवा केसपेपर सकाळीच होतो, त्यामुळे पहिला दिवस खाडा धरूनच चला. तारीख घेताना मात्र कामाची वेळ सांगा, जमलं तर उशिराची देतात. शुगरचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नाहीतर तेवढ्यासाठी परत पाठवतील.

मिश्री म्हणजे तंबाखूच, तिने तोंडाच्या कॅन्सरची भीती असते. ते मात्र रांगेपर्यंत ठेवू नका, आज घरीच बघा. आईंना खिडकीपाशी बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा. ज्या बाजूला मिश्री दाबतात तिथला गाल आणि ओठ बोटाने बाहेर ओढून बघा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांहून जुना, न भरणारा व्रण आहे का? त्यांची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? यातलं काहीही वाटलं तर तपासणीच्या विभागात दाढेच्या आधी तेच दाखवा. आणि मध्येच ठणका आपोआप थांबला तरी जायचं रद्द करू नका. नस मेली की दुखणं थांबतं, संसर्ग आत चालूच राहतो, आणि शुगर असलेल्या माणसाला तो लवकर चढतो.

जाऊन आलात की काय म्हणाले ते इथे लिहा. कॅपचं तिकडे फार लांबलं तर सांगा, मी लॅबच्या खर्चात करून देईन.