पियानोचं एक वर्ष झालं, आता पुढे काय घेऊ?

वर्षापूर्वी दोन्ही हात एकत्र आले की सगळं कोलमडायचं, आता जी मेजरचा मिन्युएट (जुन्या नाचाची धून, संगीतकार बाखची समजायचे, पण पेट्झोल्डची आहे) सलग वाजतो आणि खूप भारी वाटतं, पण नोटेशन (लिहिलेले सूर) वाचायला अजून वेळ लागतो, डावा हातही जड पडतो. पुढे काय?

प्रतिसाद: अभिनंदन! बाखचा सी मेजर प्रील्यूड (छोटी सुरुवातीची रचना) घ्या, १७२२ च्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर' संग्रहातला. आधी प्रत्येक बारमधले (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधले) सूर एकत्र दाबून कॉर्ड म्हणून बसवा मग सुटे करा, हाताला जागा कळतात.

प्रतिसाद: वाचनासाठी रोज एक नवीन सोपा तुकडा, अगदी हळू, चुकलं तरी थांबायचं नाही.

प्रतिसाद: डावा एकटाच, एकदम हलका वाजवून बघ, माझा त्यानेच सुधारला.