मदत हवी आहे: शिह त्झूचे कान घरी कसे साफ करावेत?

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याचा बंड्या आमच्याकडे चिपळूणला आला. शिह त्झू, चार वर्षांचा, वजन साडेपाच किलो. कुत्र्याचा माझा अनुभव म्हणजे माहेरी अंगणात असायचा तो मोत्या. त्याचे कान कुणी कधी साफ केल्याचं आठवत नाही.

पाऊस लागल्यापासून बंड्या सारखं डोकं झाडतो आणि मागच्या पायाने डावा कान खाजवतो. कान उलटून पाहिला तर आत तपकिरी, चिकट मळ आहे आणि आंबूस वास येतो. उजवा कान बरा दिसतो. केस मात्र दोन्हीकडे भरपूर.

घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, लसूण घालून कढवलेलं खोबरेल कोमट करून दोन थेंब सोड, तुमच्या सगळ्यांच्या कानांना मी तेच केलं. हे म्हणतात, इअर बडने हलक्या हाताने काढून टाक. मुलगा फोनवर सांगतो, कपाटात मागच्या वेळच्या ड्रॉप्सची बाटली आहे, तीच घाल. मी अजून काहीच घातलेलं नाही.

घरी साफ करता येईल का? कशाने आणि किती वेळा? केस उपटावे लागतात का? हल्ली डाव्या कानाला हात लावला की तो गुरगुरतो, एरवी गरीब आहे. गावात डॉक्टर आहेत, पण त्यांची धावपळ गाईम्हशींमागे असते, वेळ साधून गाठावं लागतं. अगदी गरज असेल तरच त्यांना त्रास देईन म्हणते.

प्रतिसाद

काकू, गरज आहे. एरवी गरीब असलेला कुत्रा एकाच कानाला हात लावल्यावर गुरगुरतो म्हणजे तिथे दुखतंय. वास, मळ, खाज आणि दुखणं हे सगळं एकाच कानात असेल तर तो कान नुसता अस्वच्छ नाही, आजारी आहे. दुखऱ्या कानात आधी काहीही घालू नका. ना तेल, ना ड्रॉप्स, ना क्लीनर.

आणि दवाखान्यात नेण्याआधी पुसूनसुद्धा घेऊ नका. लोक पाहुण्यांकडे जायचं असल्यासारखे कान लख्ख करून नेतात आणि डॉक्टरांना तपासायला मळच उरत नाही. तो काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे, जिवाणू आहेत की कानातले किडे, ते कळतं. तिन्हींची औषधं वेगळी.

प्रतिसाद

वर सांगितलंय त्याला अनुमोदन. तिन्ही मतांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडेही हेच संवाद झाले आहेत.

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी आडवी सरळ जात नाही. आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते आणि त्याच्या शेवटी पडदा. इअर बड घातला की मळ बाहेर येण्याऐवजी त्या वळणाच्या पलीकडे ढकलला जातो. तितक्यात बंड्याने मान झटकली तर काडीचं टोक कुठे लागेल सांगता येत नाही. लहान कुत्र्याची नळी आणखी अरुंद. त्यामुळे बड बाहेरच्या पाळीच्या घड्या पुसण्यापुरताच.

तेल ओल धरून ठेवतं आणि त्यावर मळ चिकटतो. आंबूस वास बऱ्याचदा यीस्टचा असतो आणि यीस्टला स्निग्ध, दमट जागाच हवी असते. चिपळूणचा पावसाळा ती आयती देतो, वर तुम्ही कशाला भर घालता? शिवाय लसूण कुत्र्यांना विषारी आहे, पोटात गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतो. कानातलं तेल ओघळलं की ते पंजाने पुसून चाटणारच. आजींना एवढं सांगून पाहा, बहुतेक ऐकतील.

जुने ड्रॉप्स सर्वांत धोक्याचे. पडदा शाबूत आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, त्याला ऑटोस्कोप, म्हणजे कानात पाहायचं दिव्याचं उपकरण, लागतो. फाटलेल्या पडद्यातून जेंटामायसिनसारखं औषध आत गेलं तर ऐकू येणं आणि तोल, दोन्ही बिघडू शकतात. उघडून ठेवलेली बाटली टाकून द्या.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर, टी ट्री ऑइल यांचे व्हिडिओही पुढे-मागे दिसतील. सोलवटलेल्या कातडीवर यातलं काहीही झोंबतं, आणि टी ट्री ऑइल तर कुत्र्यांना विषारी.

आता कान बरा झाल्यावर घरी करायची पद्धत. कुत्र्यांच्या कानासाठी मिळणारं इअर क्लीनर डॉक्टरांनाच विचारून आणा. बाटली दहा मिनिटं कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा, गार द्रव कानात गेला की पुढच्या वेळी बाटली दिसताच तो पलंगाखाली जातो. बंड्याला टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून मांडीवर घ्या, तोंड तुमच्यापासून पलीकडे. दुसऱ्या माणसाने समोरून दह्याचा चमचा चाटवत राहायचं. कानाची पाळी वर धरून नळी भरेल इतका द्रव सोडा. बाटलीचं टोक कानाला टेकवू नका, टेकलं तर पुसून घ्या. मग कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, बाहेरूनच अर्धा मिनिट चोळा. आतून पचपच आवाज आला की बरोबर चाललंय. आता हात काढा आणि त्याला मनसोक्त डोकं झाडू द्या. खोलवरचा मळ वर आणायचं खरं काम या झाडण्यानेच होतं. हे न्हाणीघरात करा, भिंती पुसायला सोप्या पडतात. शेवटी बोटाला गॉज किंवा कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तेवढंच पुसा. दोन्ही कानांना वेगळा बोळा.

किती वेळा? निरोगी कानाला सहसा महिन्यातून एकदा पुरे, लोंबत्या कानाच्या कुत्र्याला दमट दिवसांत पंधरवड्याने. आत फिकट, गुलाबीसर आणि बिनवासाचं असेल तर काहीच करायचं नाही. रोज रोज धुतल्यानेही कातडी हुळहुळी होते. आठवड्यातून एकदा कान उलटून नुसता वास घ्यायचा, तेवढी सवय पुरते.

प्रतिसाद

केसांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या ल्हासा अप्सोचे कानातले केस पार्लरमधली मुलगी दर महिन्याला पावडर लावून उपटते, काही त्रास नाही. केस राहिले की हवा खेळत नाही आणि मळ अडकतो.

प्रतिसाद

ताई, तुमच्या ल्हासाला चालतंय तर चालू द्या, पण सरसकट सल्ला म्हणून पटत नाही. केस उपटले की त्या मुळांशी बारीक सूज येते आणि धडधाकट कानात उगीच दुखणं सुरू होऊ शकतं. हल्ली बरेच डॉक्टर सांगतात की कान वरचेवर बिघडत असेल आणि औषध आत पोचायला केस आड येत असतील तरच काढा. आत्ता बंड्याचा कान दुखतोय, आत्ता तर नकोच. पाळीच्या आतले लांब केस बोथट टोकाच्या कात्रीने कापले तरी पुष्कळ हवा लागते.

अंघोळीआधी कानाच्या तोंडाशी कापसाचा मोठा बोळा ठेवा आणि नंतर आठवणीने काढा. आठवणीने हा शब्द गांभीर्याने घ्या.

प्रतिसाद

मी पुण्याहून. एकाच कानाचा त्रास म्हटलं की आमच्याकडे आधी कुसळ शोधतात. पावसाळा सरला की टेकडीवरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं कुत्र्यांच्या कानात शिरतात. त्यांची टोकं अशी असतात की आत सरकतात, मागे येत नाहीत. खूण म्हणजे फिरून आल्याबरोबर एकाएकी जोरात डोकं झाडणं, मान एका बाजूला धरणं. ते घरी चिमट्याने काढू नये, बहुधा भूल देऊनच काढावं लागतं. तुमच्याकडे अजून ओलं गवत आहे, तेव्हा आत्ता ते नसेल, पण दिवाळीनंतर लक्ष ठेवा.

पाळीच्या घडीत गोचीड आहे का तेही बघा. मळ कोरडा, काळा, कॉफीच्या भुकटीसारखा असेल तर कानातले किडे. ते मांजरांकडूनही येतात आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकदम औषध द्यावं लागतं.

डोकं एका बाजूला कलणं, चालताना झोक जाणं, डोळे आपोआप हलणं यातलं काही दिसलं तर डॉक्टर सवडीने भेटतील म्हणून थांबू नका, त्याच दिवशी न्या. कानाची पाळी अचानक फुग्यागत टम्म झाली तरी तसंच. झाडून झाडून आतली रक्तवाहिनी फुटते आणि रक्त साठतं.

अवांतर: मुंबईकर वाचत असतील तर त्यांच्यासाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. नाव बैलघोडा असलं तरी कुत्र्यामांजरांची रांग बघून घ्यावी.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर भेटले. गाईम्हशींचे डॉक्टर म्हणून मी उगीच बिचकत होते, त्यांच्या घरीच दोन पग निघाले. पडदा शाबूत आहे. स्लाइडवर यीस्ट दिसलं. कान त्यांनीच आधी साफ केला, दोन आठवड्यांचे ड्रॉप्स दिले आणि खाज थांबली तरी मध्येच बंद करायचे नाहीत, संपले की पुन्हा दाखवायला आणा असं बजावलं. सासूबाईंना लसणाचं पटलं, तेलाचं अजून नाही.

एक राहिलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पुन्हा झालं तर ॲलर्जी बघावी लागेल. बंड्या पुढचे पंजे बराच वेळ चाटत बसतो, केस तिथे तांबूस झालेत. मी सवय समजत होते. याचा कानाशी संबंध असतो का?

प्रतिसाद

असू शकतो, पुढच्या भेटीत नक्की सांगा. पंजे चाटणं आणि कान वरचेवर बिघडणं ही ॲलर्जीची नेहमीची जोडी आहे. धूळ, बुरशी, परागकण यांची ॲलर्जी असते तशी काहींना खाण्याचीही असते. ती रक्ततपासणीत खात्रीने कळत नाही. डॉक्टर ठरवून देतील तेच अन्न साधारण आठ आठवडे द्यायचं आणि फरक पडतो का पाहायचं. त्या काळात दुसरं काहीही नाही, दह्याचा चमचासुद्धा नाही. आणि सासूबाई पानातला पोळीचा तुकडा हळूच खाली सोडत असतील तर आधी त्यांनाच विश्वासात घ्या.