‘टो-पाथ’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इंग्लंडच्या लेस्टरशायरमधील फॉक्स्टन येथे कालव्यावरून नॅरोबोटीने, म्हणजे लांबट अरुंद नावेने, केलेल्या एका दिवसाच्या प्रवासाविषयी मी लिहीत आहे. काठाने सतत सोबत करणाऱ्या ‘टो-पाथ’साठी ‘काठवाट’ हा शब्द चालेल का?

उत्तर : ‘काठवाट’ म्हटल्याने वाटेची जागा कळते, पण तिचे काम कळत नाही. इंजिने येण्यापूर्वी मालाने भरलेली नाव काठावरून चालणारा घोडा लांब दोराने ओढून नेत असे आणि ही वाट त्या घोड्यासाठीच बांधलेली होती. जुन्या पुलांच्या कमानींच्या कडांवर दोर घासून पडलेल्या खोल खाचा आजही दिसतात. आपल्याकडे मोटेच्या विहिरीवर बैल नाडा ओढत ज्या उतरत्या वाटेने जात, तिला ‘धाव’ म्हणतात. जनावर, दोर आणि पाणी या तिन्हींचा संबंध जुळत असल्याने मला प्रथम तोच शब्द सुचला. परंतु धाव आखूड आणि उतरती असते, तर ही वाट मैलोन्मैल बहुतेक सपाट जाते. शिवाय ताशी 4 मैलांची वेगमर्यादा असलेल्या प्रवासाच्या वर्णनात ‘नावेची धाव’ असे लिहिल्यास वाचकाचा निश्चितच गैरसमज होईल. पायांनी तुडवलेली ती पायवाट आणि गाडीची ती गाडीवाट, त्याच धर्तीवर ‘ओढवाट’ म्हणावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : ‘ओढवाट’ मनापासून पटला. आता ‘लॉक’चे काय करावे? फॉक्स्टनला ती पाच-पाचच्या दोन गटांत मिळून दहा आहेत आणि त्यांतून नाव 75 फूट चढते.

उत्तर : येथे ‘कुलूप’ सर्वथा चुकीचे ठरेल. ‘जलपाश’ हा शब्द वापरावा. मात्र ‘पाश’ ऐकून फास आठवतो, म्हणून पहिल्या उल्लेखातच त्याचे कार्य सांगावे : दोन दरवाजांमधील हौदात नाव घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि वरचे पाणी आत सोडून ती उचलायची. सुमारे सात फूट रुंदीचे हे हौद असतात, म्हणूनच नावही तितकी अरुंद असते. फॉक्स्टनच्या प्रत्येक गटात एका हौदाचा वरचा दरवाजा हाच पुढच्या हौदाचा खालचा दरवाजा असतो, त्यामुळे तेथे ‘जलपाशांचा जिना’ हा शब्दप्रयोग शोभेल. ‘कालवा’ तसाच ठेवावा, परंतु आपला कालवा शेताकडे वाहतो आणि तिथले पाणी जवळजवळ स्थिर असते, हे एका वाक्यात अवश्य लिहावे.