घोडीच्या टापेत खिळा, उपटू का?

डिचोलीकर:
शेजारी घराचं काम चालू आहे, सेंटरिंगच्या फळ्या वाटेवरच टाकलेल्या. सकाळी चांदणीला पाण्यावर नेलं तर पुढचा उजवा पाय टेकेना. टाप उचलून बघतो तर तळाच्या मऊ त्रिकोणाला लागून गंजका खिळा, डोकं तेवढं बाहेर. डॉक्टर दुपारी येतो म्हणाले. शेजारचे काका पक्कड घेऊन उभे, वर टर्पेंटाइन ओत म्हणतात. उपटू का? आमच्याकडे लोकांना घोडा माहीत तो घोडेमोडणीतला, म्हणजे कमरेला बांधून नाचायचा लाकडी घोडा, विचारणार कुणाला!

पेडणेकरीण:
काकांची पक्कड आधी लपव रे बाबा. डॉक्टर दुपारी येतायत ना, मग खिळा आहे तिथेच राहू दे. माझ्या पहिल्या घोड्याचा मीच शहाणपणा करून उपटला होता. भोक रबरासारखं मिटलं, डॉक्टरांना सापडेना, आणि खिळा किती आत नि कुठल्या दिशेने गेला ते एक्स-रेत दिसलं असतं तेही गेलं. आठव्या दिवशी टापेच्या वर, केसांच्या कडेला पू फुटला. दोन महिने घोडा जागेवर.

तिला चालवू नकोस. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या डोक्याहून जाड लाकडाचे तुकडे लाव आणि चिकटपट्टीने घट्ट गुंडाळ, म्हणजे पाय टेकला तरी भार खिळ्यावर येणार नाही. तरीही खिळा आत जातोय असं वाटलं तरच काढ, पण आधी फोटो घे, जागेवर मार्करने खूण कर आणि खिळा जपून ठेव. त्या त्रिकोणाच्या मधल्या किंवा मागच्या भागात असेल तर डॉक्टरांना आत्ताच फोन कर. तिथे आत कंडरा नि सांधा आहे, पू झाला तर घोडा हातचा जातो.

दुखण्याची गोळी मनाने देऊ नकोस, दुखणं दबलं की ती पाय टेकणार. टर्पेंटाइन तर नकोच. आणि धनुर्वाताची लस कधी दिली होती? पाळीव जनावरांत घोड्याला तो सर्वात लवकर होतो, आणि लिदीत त्याचे जंतू असतातच.

नालवाला:
ताई बरोबर सांगतायत. नंतर दोरीला लोहचुंबक बांधून ती वाट झाडून घ्या. पावसात तळवा भिजून मऊ पडतो, जांभ्याचा खडासुद्धा रुततो. रोज टाप उकरून साफ करायची, दर सहा आठवड्यांनी छाटायची.

डिचोलीकर:
डॉक्टर येऊन गेले. एक्स-रे काढला, खिळा दीड सेंटीमीटर आत होता, पण सांध्यापासून लांब. लसीची नोंद सापडली नाही, म्हणून धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिली. भोक थोडं मोठं करून धुतलं. आता रोज ड्रेसिंग, वरून लहान मुलांचा डायपर नि चिकटपट्टी. डायपर कुठल्या साइझचा आणू?

पेडणेकरीण:
सर्वात मोठा. आणि मेडिकलवाला हसला तर हसू दे.