गार्ड लावा, पण क्रम सांभाळून

'लिनक्स कर्नलमधले (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातले) सगळे गोटू काढून गार्ड वापरा' असं एक मत आहे, ते बऱ्यापैकी पटलं. गोटू म्हणजे सी भाषेत थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायची आज्ञा, इथे साफसफाईच्या ओळींवर. गार्ड म्हणजे लॉक (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारं कुलूप) घेऊन कोडचा तो भाग संपताच ते आपोआप सोडणारी सोय. लिनक्समध्ये ही सोय आवृत्ती 6.5 पासून, म्हणजे 2023 पासून आहे. आत जादू नाही, कंपायलरचं जुनंच क्लीनअप अ‍ॅट्रिब्यूट आहे: व्हेरिएबलचं काम संपलं की ठरलेलं साफसफाईचं फंक्शन ते आपोआप चालवतं. मधल्याच एखाद्या रिटर्नवर लॉक सोडायचं राहून जाणं त्याने टळतं. पण मेख अशी, की साफसफाई घोषणेच्या उलट क्रमाने होते. असाच आपोआप साफ होणारा, ऑब्जेक्टचा पत्ता ठेवणारा पॉइंटर (जुन्या सवयीने) फंक्शनच्या सुरुवातीलाच नल, म्हणजे रिकामा, करून ठेवला आणि गार्ड नंतर घेतला, तर आधी लॉक सुटतं, मग ऑब्जेक्ट मोकळा होतो. तो लॉकखालीच मोकळा करायचा असेल तर झालंच कल्याण! म्हणून गार्ड घेतल्यावर, पॉइंटरला किंमत मिळते तिथेच तो घोषित करा. आणि एकाच फंक्शनमध्ये गोटू-गार्डची सरमिसळ नकोच. बदलायचं तर अख्खं फंक्शन बदला.