म्युनिक: तिकीट असून दंड, आणि विमानतळाऐवजी फ्रायझिंग

नवी_पाटी

नमस्कार मंडळी. म्युनिकला येऊन तीन आठवडे झाले. आतापर्यंतची कमाई: ६० युरो दंड आणि न मागता पाहिलेलं एक गाव.

स्टेशनावर फाटक नाही, तिकीट बघायला कुणी उभं नाही. मशीनमधून पट्ट्यांचं तिकीट काढलं, श्ट्राइफनकार्टे म्हणतात ते, आणि पर्समध्ये नीट जपून ठेवलं. गाडीत जीन्स घातलेला एक माणूस शेजारी आला आणि त्यानं ओळखपत्र दाखवलं. मी ऐटीत तिकीट पुढे केलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं, म्हणाला, शिक्का कुठाय? 'आत्ताच घेतलंय हो' हे मी तीन प्रकारांनी सांगून पाहिलं. पावती फाडलीच.

दुसरं, मैत्रिणीला आणायला विमानतळावर निघाले. नकाशात एस१ ही लोकल विमानतळाला जाते, म्हणून एस१ मध्येच बसले. उतरले फ्रायझिंगला! नंबर बरोबर, दिशा बरोबर, मग चुकलं कुठे? ती बिचारी तासभर बॅगांवर बसून होती.

आणि रोज ऑफिसला जायचंय, सुट्टीत थोडं भटकायचंय. पास कुठला घेऊ?

गाडीवान

दंड भरून टाका, वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या लेखी कोरं तिकीट म्हणजे उद्याही वापरता येणारं तिकीट.

त्या तिकिटावर दहा पट्ट्या असतात. शहराच्या मधल्या एम विभागात मोठ्या माणसाला दोन लागतात. पहिली पट्टी मागे दुमडायची, दुसरी वर येईल असं तिकीट शिक्क्याच्या निळ्या डब्यात सरकवायचं, खट्ट वाजतं. शिक्का फक्त दुसरीवर पडतो, पहिली आपोआप बाद धरतात. पुढच्या वेळी चौथीवर. मी पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे दोन्हींवर वेगवेगळे शिक्के मारले होते, कुणी हसलं नाही एवढंच. यू-बान (भुयारी मेट्रो) आणि एस-बानला (उपनगरी लोकल) हा डबा फलाटावर जायच्या आधी लागतो. खाली उतरलात की शोधत बसाल. ट्राम आणि बसमध्ये मात्र आतच असतो.

आता एस१. ही गाडी नॉयफार्नला तुटते. पुढचा अर्धा भाग फ्रायझिंगला, मागचा विमानतळाला. तुम्ही पुढे बसला होतात. नंबर पाहू नका, तुमच्या डब्यावर लिहिलेलं शेवटचं ठिकाण पाहा: 'फ्लूगहाफेन', म्हणजे विमानतळ, हवं. चुकून पुढे बसलात तर नॉयफार्नला उतरून मागच्या भागाकडे पळायचं, बॅगा असतील तर देवाचं नाव घेऊन. नाहीतर सरळ एस८ धरा. ती शहराच्या पूर्वेकडून जाते आणि तिची फाळणी होत नाही.

उशिराची_गाडी

रोज जायचंय तर डॉइचलांड-तिकीट घ्या, पट्ट्या मोजायची कटकट संपते. मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. देशभरातल्या शहरी बस, ट्राम, यू-बान, एस-बान आणि रीजनल गाड्या सगळ्या चालतात. आल्प्समधल्या गार्मिशला जा, अगदी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनापर्यंतसुद्धा जाता येतं. पण आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. त्यात चढलात तर पुन्हा ६० युरोंचा धागा काढावा लागेल.

ही दरमहा आपोआप चालू राहणारी वर्गणी आहे. बंद करायची असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवा. ११ तारखेला जागे झालात की आणखी एक महिना देणगी. मी दिलीये.

तिकीट तुमच्या नावावर असतं, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. तिकीट मोबाइलवर असेल, तो बंद पडला आणि तपासणीस आला तर पावती फाडतात, पण आठवड्याच्या आत तिकीट दाखवलंत तर ६० चे ७ युरो होतात.

नवी_पाटी

दोघांचेही आभार. काल मुद्दाम एस१ च्या मागच्या डब्यात बसून गेले. नॉयफार्नला पुढची अर्धी गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली, आणि समोरच्या आजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू त्यांना सगळं माहीत होतं.

एकच शंका. रविवारी आमच्या स्टेशनावर 'एसईव्ही' अशी पाटी लागणार आहे म्हणे. ही कुठली नवी गाडी?

गाडीवान

ती गाडी नाही, बस. रुळांचं काम निघालं की गाडीऐवजी सोडतात. तिकीट तेच चालतं. थांबा स्टेशनाच्या बाहेर कुठेतरी असतो, बाणांच्या मागे जा. आणि अर्धा तास आधी निघा.