मदत हवी आहे: बटरफ्लाय मिल्कवीड अजून फुटलं नाही, गेलं का?

मंडळी, आम्ही कॅन्ससला असतो, मागच्या अंगणात उन्हात बटरफ्लाय मिल्कवीड लावलंय, केशरी फुलांचं, आपल्या रुईच्या कुळातलंच, मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडचीच पानं खातात म्हणून मुद्दाम आणलं. मे लागला तरी वर काहीच नाही, शेजारचं कोनफ्लॉवर मात्र चांगलं वीतभर आलंय. हे उशिरा फुटतं माहितीये, पण आमची माती चिकण, पाऊस झाला की पाणी हटत नाही, आणि हे दुष्काळ सोसेल पण साचलेलं पाणी नाही. उकरून बघू का, की सोटमूळच तुटेल? नवरा म्हणतो उचलून उंच वाफ्यात लाव, मला काही ते पटत नाही. फ्रीजमध्ये ओल्या वाळूत महिनाभर ठेवलेलं बी आहे, ते थेट वाफ्यात टाकू का? चिकण मातीत कोणी जगवलंय का हे?